चिकित्सक वाचन कसे करावे : पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

बारावीपर्यंत एका विषयाला एक पाठ्यपुस्तक असते आणि त्यात छापलेले उत्तरपत्रिकेत नीट उतरवले की गुण मिळतात. पदवीच्या वर्गात ही व्यवस्था संपते. इतिहासाचे दोन संदर्भग्रंथ एकाच घटनेची वेगवेगळी कारणे सांगतात, अर्थशास्त्राचे दोन लेखक एकाच आकडेवारीवरून परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात आणि प्रश्नपत्रिकेत ‘चिकित्सक परीक्षण करा’ असे शब्द येऊ लागतात. मराठवाड्यातल्या लहान गावांतून छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणीला शिकायला आलेले अनेक हुशार विद्यार्थी याच टप्प्यावर गोंधळतात आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार नोट्सकडे वळतात. त्यांच्या बुद्धीत काही उणे नसते. आता ज्या प्रकारचे वाचन करायचे आहे, ते त्यांना आजवर कोणी शिकवलेले नसते. ते शिकता येते, आणि त्यासाठी महागडा क्लास लागत नाही. पेन्सिल, वही आणि एका बैठकीत चार-पाच पानांपेक्षा जास्त न वाचण्याचा संयम एवढ्यावर सुरुवात होते.

चिकित्सक वाचन म्हणजे लेखकाच्या चुका शोधणे, असा समज फार पसरलेला आहे आणि तो आधी दूर करायला हवा. लेखक काय म्हणतो, ते तो कशाच्या आधारावर म्हणतो आणि तो आधार त्या म्हणण्याला पुरेसा आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवून याच क्रमाने विचारणे म्हणजे चिकित्सक वाचन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखकाला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत देता येत नसेल, तर तिसऱ्या प्रश्नाकडे जाण्याचा अधिकार वाचकाला मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : मजकुरापूर्वीची दहा मिनिटे

पुस्तक हातात आले की थेट नेमलेल्या प्रकरणावर जाऊ नये. शीर्षकपृष्ठ, त्यामागचे प्रकाशनाच्या तपशिलाचे पान, प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांवर दहा मिनिटे घालवावीत. लेखक कोण आहे, तो त्या विषयात काय काम करतो, पुस्तक पहिल्यांदा कधी निघाले, हातातली प्रत सुधारित आवृत्ती आहे की नुसते पुनर्मुद्रण, आणि ते कोणासाठी लिहिले आहे, एवढ्या गोष्टी वहीच्या पानावर वरच्या बाजूला लिहून ठेवाव्यात.

हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यातून किती गैरसमज टळतात याचे उदाहरण आपल्याच प्रदेशातले आहे. ग्रंथालयातल्या एखाद्या जुन्या पुस्तकात मराठवाड्यात पाच जिल्हे आहेत असे वाक्य सापडते, दुसऱ्यात सहा किंवा सात सापडतात आणि आजच्या पुस्तकात आठ. यांपैकी कोणताही लेखक चुकलेला नसतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी आणि नांदेड असे पाचच जिल्हे होते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि परभणीतून हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. पुढे २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावेही बदलली. आता समजा, एखाद्या लेखाने १९७१ च्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या परभणी जिल्ह्याशी ताडून पाहिली, तर त्या तुलनेतून हिंगोलीचा भाग मधूनच गळालेला असतो. पुस्तकाचे साल ठाऊक नसलेल्या वाचकाला हा दोष दिसणारच नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हीच सावधगिरी वर्गीकरणे, मोजमापाच्या व्याख्या आणि मानके यांबाबत बाळगावी, कारण ती तर त्याहून लवकर बदलतात.

दुसरी पायरी : पहिले वाचन, न थांबता

पहिल्या वाचनात पेन्सिल बाजूला ठेवावी आणि प्रकरण शेवटपर्यंत वाचून काढावे. अडलेला शब्द, न कळलेले वाक्य, अनोळखी नाव, सगळे तसेच सोडून पुढे जावे. या वाचनात एवढेच शोधायचे की लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे. बहुतेक शैक्षणिक लेखनात हा प्रश्न पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत येतो आणि त्याचे उत्तर शेवटच्या दोन परिच्छेदांत, म्हणून मधला भाग धूसर राहिला तरी घाबरण्याचे कारण नाही. वाचून झाल्यावर ‘या प्रकरणात लेखकाने अमुक प्रश्न घेतला आहे आणि त्याचे उत्तर तमुक दिले आहे’ असे एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहावे. ते जमले नाही, तर प्रस्तावना आणि समारोप पुन्हा वाचावा. संपूर्ण प्रकरण लगेच दुसऱ्यांदा वाचण्यात फारसा लाभ नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण इथे अधिक तीव्र असते, कारण अनेक विषयांचे संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात. एकेका वाक्याचे भाषांतर करत पुढे सरकण्याची पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही. त्यात तास जातात आणि परिच्छेदाचा एकूण युक्तिवाद हातातून निसटतो. त्याऐवजी विषयाची ओळख आधी मराठीतून करून घ्यावी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज विश्वकोशातल्या नोंदी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इंग्रजी प्रकरणाच्या विषयावरची नोंद आधी वाचली, तर संकल्पनांची चौकट मनात तयार होते. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले विषयवार परिभाषा कोशही आंतरजालावर आहेत. शोधायचे शब्द मात्र मोजके ठेवावेत : जो शब्द एका प्रकरणात तीन-चार वेळा येतो आणि ज्यावाचून मुख्य विधान कळत नाही, तेवढाच. उरलेले शब्द संदर्भाने हळूहळू कळत जातात.

तिसरी पायरी : विधान, कारण आणि पुरावा वेगळे करणे

दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात घ्यावी. समासात विधानाला ‘वि’, कारणाला ‘का’, पुराव्याला ‘पु’ आणि न पटलेल्या किंवा न कळलेल्या जागेला प्रश्नचिन्ह, एवढ्या खुणा पुरतात. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर त्यावर खूण करू नये; वहीत पान आणि परिच्छेद यांचा क्रमांक टाकून खुणा कराव्यात. रंगीत हायलाइटरने अर्धे पान पिवळे करण्याची सवय मात्र सोडून द्यावी. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा नुसते अधोरेखन आणि नुसते पुनर्वाचन या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. रेघ मारताना हात हलतो, पण हे वाक्य विधान आहे की पुरावा, हे ठरवण्याचा प्रसंग मनावर येत नाही.

आपल्या परंपरेत ही विभागणी फार जुनी आहे. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन. आधुनिक लेखात हे अवयव क्रमाने येत नाहीत, काही तर लेखक बोलूनच दाखवत नाही, पण कोणता अवयव गाळला आहे हे शोधू लागलो की लेखाची बांधणी दिसायला लागते.

सरावासाठी पुढचा उतारा मी मुद्दाम रचला आहे.

‘गेल्या काही दशकांत लातूर परिसरातील शेतकऱ्यांनी ज्वारीऐवजी सोयाबीन घेण्यास सुरुवात केली. सोयाबीनमुळे शेतकऱ्यांच्या हाती रोख पैसा आला आणि गावांचा कायापालट झाला. ज्वारीला भाव नसल्याने शेतकऱ्यांपुढे दुसरा पर्याय नव्हता. एका शेतकऱ्याने तर सोयाबीनच्या पैशातून मुलीला अभियांत्रिकीचे शिक्षण दिले. यावरून सोयाबीन हेच मराठवाड्याच्या विकासाचे साधन आहे, हे स्पष्ट होते.’

सहज वाचले तर या उताऱ्यात खटकण्यासारखे काही नाही, आणि यातले बरेचसे आपल्या अनुभवाशी जुळतेही. आता वाक्यावाक्याने पाहू.

पहिले वाक्य तपासता येण्याजोगे आहे : कृषी विभागाच्या पीकक्षेत्राच्या आकडेवारीत ज्वारी आणि सोयाबीन यांचे क्षेत्र पाहिले की ते खरे की खोटे हे ठरते. मात्र ज्वारी खरिपातली की रब्बीतली हे लेखकाने सांगितलेले नाही. सोयाबीन खरिपाचे पीक आहे आणि आपल्याकडे ज्वारी दोन्ही हंगामांत होते, त्यामुळे एकाच रानात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी असेही घडू शकते. म्हणजे ‘ज्वारीऐवजी’ हा शब्दच आधी तपासायला हवा.

दुसऱ्या वाक्यात दोन विधाने एकत्र बांधली आहेत. रोख पैसा येणे आणि गावाचा कायापालट होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा मिळाला म्हणजे दुसरी सिद्ध होत नाही. शिवाय ‘कायापालट’ म्हणजे पक्की घरे, नळाचे पाणी, शाळा, कर्जमुक्ती की आणखी काही, हे लेखक सांगत नाही, आणि ज्या शब्दाचा अर्थ ठरलेला नाही त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा देता येत नाही. सोयाबीन आले त्याच काळात रस्ते, बँका, मोबाइल आणि शहरात गेलेल्या मुलांचे पगारही गावात आले. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे मानता येत नाही.

तिसरे वाक्य वाचताना थांबायला हवे, कारण ‘दुसरा पर्याय नव्हता’ असे लेखक म्हणतो तेव्हा तो सगळे पर्याय तपासल्याचा दावा करत असतो. तूर, मूग, उडीद, कापूस, ऊस यांचा उल्लेखही उताऱ्यात नाही. याहून मोठी उणीव अशी की ज्वारीचा विचार फक्त धान्याच्या भावावर केला आहे. ज्वारीबरोबर कडबा मिळतो, जनावरे कडब्यावर जगतात आणि सोयाबीनच्या भुसकटाला ती जागा घेता येत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो : पुस्तकातल्या विधानाशी स्वतःच्या घरचे, गावचे ज्ञान ताडून पाहायला संकोच करू नये. ते ज्ञानही तपासून घ्यायचे असते, पण कॉलेजात आल्यामुळे ते टाकाऊ होत नाही.

चौथ्या वाक्यातला शेतकरी खरा असेलही. त्याच्यावरून असे घडू शकते एवढेच कळते. किती जणांच्या बाबतीत घडले, हे कळत नाही. पाचव्या वाक्यात लेखकाने दोन उड्या एकदम घेतल्या आहेत : लातूर परिसरावरून संपूर्ण मराठवाड्यावर आणि रोख उत्पन्नावरून विकासावर. ‘हे स्पष्ट होते’, ‘निःसंशय’, ‘सर्वमान्य आहे’, ‘साहजिकच’ असे शब्द दिसले की त्याआधीची दोन वाक्ये पुन्हा वाचावीत, कारण पुरावा विरळ असलेल्या जागी असे शब्द फार वेळा येतात. याउलट ‘बहुधा’, ‘उपलब्ध माहितीनुसार’, ‘काही तालुक्यांत’ असे शब्द वापरणारा लेखक कच्चा असतो असे मुळीच समजू नये; तो आपल्या विधानाची मर्यादा प्रामाणिकपणे आखून देत असतो.

एवढे केल्यावर उतारा फेकून द्यायचा नाही. त्यातले काय टिकते, हे लिहायचे आहे. पीक बदलले हे आकडेवारीने तपासता येईल. नगदी पिकामुळे रोख उत्पन्न वाढले हेही काही वर्षांचे बाजारभाव आणि उत्पादनखर्च पाहून तपासता येईल. विकासाचा दावा या मजकुरावर उभा राहत नाही. असे तीन ओळींचे टिपण हेच चिकित्सक वाचनाचे खरे फळ आहे, आणि परीक्षकाला अपेक्षित असते तेही साधारण हेच.

चौथी पायरी : पूर्वपक्ष ओळखणे

ही पायरी छोटी आहे, पण ती चुकल्यामुळे गुण जातात. गंभीर लेखक स्वतःचे मत मांडण्यापूर्वी विरुद्ध मत मांडतो, कधीकधी दोन-तीन पाने सविस्तर आणि सहानुभूतीने मांडतो, आणि मग त्याचे खंडन करतो. शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. घाईने वाचणारा विद्यार्थी पूर्वपक्षातली वाक्ये लेखकाचीच म्हणून उत्तरपत्रिकेत लिहून येतो. म्हणून ‘असे म्हटले जाते की’, ‘काहींच्या मते’, ‘या युक्तिवादानुसार’ असे शब्द आले की समासात ‘पू’ अशी खूण करावी, आणि ‘परंतु’, ‘तथापि’, ‘हे मान्य करूनही’ हे शब्द येतील तिथे पूर्वपक्ष संपल्याची रेघ मारावी. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि साहित्यसमीक्षा वाचणाऱ्यांना ही खूण सतत लागते.

पाचवी पायरी : आकड्याला प्रश्न विचारणे

छापील आकडा दिसला की वाचक नमतो. आकड्याला तीन प्रश्न विचारावेत : हा कशाचा आकडा आहे, कशाच्या तुलनेत आहे, आणि कोणी कसा मोजला आहे.

उन्हाळ्यात ‘जायकवाडीचा साठा शून्य टक्क्यांवर’ असा मथळा वाचला की पैठणचे धरण कोरडे पडले असे वाटते. प्रत्यक्षात ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. जायकवाडीची एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातला सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा आणि सुमारे ७३८ दशलक्ष घनमीटर मृत साठा. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्य होते, तरी जलाशयात मोठे पाणी उरलेले असते आणि टंचाईच्या काळात त्या मृत साठ्यातूनही पिण्यासाठी पाणी उचलले जाते. म्हणून ‘शून्य टक्के’ हे खोटे नाही, पण ते कशाचे शून्य आहे हे ठाऊक नसेल तर वाचकाच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते. पाणी उरले आहे म्हणून संकट नाही, असा उलटा निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल, कारण मृत साठ्यातले पाणी कालव्यांना सहज मिळत नाही.

पावसाच्या बाबतीत ‘सरासरीइतका’ या शब्दाकडे पाहा. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढ्या पट्ट्यातला जिल्ह्याचा पाऊस सामान्य मानला जातो. जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस या पट्ट्यात बसला, तरी मधले तीन-चार आठवडे कोरडे जाऊन शेंगा भरण्याच्या वेळी सोयाबीन करपलेले असू शकते, आणि सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने सरासरी भरून निघालेली असू शकते. हंगामाची बेरीज आणि पावसाचे दिवसांतले वाटप हे वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरलेले दिसले, तर तिथे प्रश्नचिन्ह टाकावे.

काही वेळा साधा भागाकार पुरतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाच लाख हा आकडा प्रचंड वाटतो. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती, म्हणजे माणशी दीड लिटरही पाणी नाही. नंतरच्या पन्नास टाक्यांच्या गाडीने सुमारे पंचवीस लाख लिटर येऊ लागले. तेही माणशी सात लिटरच्या आतच. या भागाकाराने त्या गाडीचे मोल कमी होत नाही, पण ‘रेल्वेने लातूरची तहान भागवली’ असे वाक्य आले तर ते किती अंशी खरे आहे, हे वाचकाला स्वतः सांगता येते.

सहावी पायरी : एकाच विषयावर दुसरा लेखक वाचणे

एक पुस्तक कितीही काळजीपूर्वक वाचले, तरी त्यात काय आलेले नाही हे त्याच पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी दुसरे लागते, आणि शक्य असेल तर वेगळ्या जागी उभे राहून लिहिलेले.

हैदराबाद मुक्तिसंग्राम हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना यासाठी उत्तम विषय आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, याबद्दल वाद नाही. या घडामोडींवर स्वतः सहभागी असलेल्या अनेकांनी नंतर लिहिले. स्वामी रामानंद तीर्थ हे निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते होते आणि कारवाईच्या वेळी तुरुंगात होते. कन्हैयालाल मुन्शी हे भारत सरकारचे एजंट जनरल, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून हैदराबादेत होते. व्ही. पी. मेनन हे संस्थान खात्याचे सचिव म्हणून दिल्लीतून व्यवहार पाहत होते. मीर लायक अली हे निजामाचे शेवटचे पंतप्रधान होते आणि पुढे पाकिस्तानात गेले. चौघांचे लेखन वाचताना, यांतला खरे कोण बोलतो, असा प्रश्न घेऊन बसू नये. कोणाला काय प्रत्यक्ष दिसत होते, कोणाला काय ऐकून कळले असणार, आणि लिहिताना कोणाला कोणत्या आरोपाचे उत्तर द्यायचे होते, हे प्रश्न अधिक फळ देतात. तुरुंगातल्या माणसाला त्या पाच दिवसांतल्या सैन्याच्या हालचाली दिसलेल्या नसतात; पंतप्रधानाला खेड्यातल्या माणसाची दहशत दिसलेली असेलच असे नाही. विरोधी बाजूचे दोन लेखक एखाद्या तपशिलावर एकमत होतात, तिथे तो तपशील बराच भरवशाचा समजावा. एकाच बाजूचे तिघे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा त्यांनी ती एकमेकांकडूनच घेतली आहे का, हे पाहावे.

आणखी एक प्रश्न साधनांचा आहे. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ कारवाईनंतर संस्थानात फिरून आले आणि त्याने तेव्हाच्या हिंसाचाराबद्दल अहवाल दिला. तो अनेक दशके प्रसिद्ध झाला नव्हता. मधल्या काळात लिहिलेल्या पुस्तकात त्याचा उपयोग दिसला नाही, तर लेखकाने तो दडवला असे लगेच म्हणता येणार नाही. आजच्या लेखकाने मात्र तो विचारात घेतला नसेल, तर कारण विचारता येते. आणि या सगळ्यांनंतरही गावोगावच्या स्त्रिया, शेतमजूर, स्वातंत्र्यसैनिकांच्या सीमेवरच्या कॅम्पांना भाकरी पोचवणारी माणसे यांचे म्हणणे नेत्यांच्या आठवणींत फार थोडे सापडते. त्यासाठी मौखिक मुलाखती आणि स्थानिक इतिहास शोधावा लागतो.

विज्ञान आणि भूगोलातही लेखक एकमेकांशी जुळत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची तीव्रता वेगवेगळ्या पुस्तकांत ६.२ पासून ६.४ पर्यंत दिलेली दिसते. निरनिराळ्या संस्था निरनिराळ्या पद्धतींनी आणि मापांनी मोजतात, म्हणून हा फरक पडतो. उत्तरात आकडा देताना तो कोणाचा आहे हे लिहिले, की वाद उरत नाही.

सातवी पायरी : टिपण, आणि पुस्तक मिटून लिहिणे

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे लेखकाचे म्हणणे, पृष्ठक्रमांकासह; उजवीकडे स्वतःचे प्रश्न आणि मत. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हे त्याच क्षणी टाकावीत, कारण महिन्याभराने कोणते वाक्य कोणाचे हे आठवत नाही आणि प्रकल्प लिहिताना नकळत वाङ्मयचौर्य घडते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठभेद शिरून मूळ मजकूर बिघडला होता. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी त्यात आपली ओवी न मिसळण्याचा कटाक्ष ठेवला आणि पुढच्यांनाही तसे बजावले. टिपणवहीतली ती उभी रेघ याच शिस्तीसाठी आहे.

त्यानंतर पुस्तक आणि वही दोन्ही मिटून कोऱ्या कागदावर प्रकरणाचा युक्तिवाद सात-आठ ओळींत आठवून लिहावा. हे जड जाते, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळून प्रकरण पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवले. सत्रपरीक्षा तर महिन्यांनंतर असते. आठवून लिहिलेले मूळ पानाशी ताडून पाहावे आणि जिथे लेखकाचे मत आपल्या मताकडे झुकवून लिहिले गेले असेल, तिथे दुरुस्ती करावी. हा झुकाव जवळजवळ प्रत्येकाचा होतो.

परीक्षेत ‘चिकित्सक परीक्षण करा’ असा प्रश्न आला, तर याच वहीच्या क्रमाने लिहावे. सुरुवातीला लेखकाचे विधान न्याय्य शब्दांत मांडावे. मग त्याचे एक-दोन प्रमुख आधार. मग त्यातला कोणता आधार भक्कम आहे आणि कोणता अपुरा, हे कारणांसह. एखाद्या दुसऱ्या अभ्यासकाचे मत. आणि अखेरीस किती अंशी विधान स्वीकारता येते हे स्वतःच्या शब्दांत. ‘लेखकाचे मत चुकीचे आहे’ एवढ्याने गुण मिळत नाहीत, आणि ‘लेखकाने उत्तम विवेचन केले आहे’ एवढ्यानेही मिळत नाहीत.

साधने आणि सुरुवात

कॉलेजच्या ग्रंथपालांना एन-लिस्टच्या सोयीबद्दल विचारावे. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या या योजनेत सहभागी असलेल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हजारो इंग्रजी ई-पुस्तके आणि नियतकालिके मोफत वाचता येतात, पण लॉगिन मागून घ्यावे लागते आणि बहुतेक विद्यार्थी ते मागतच नाहीत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही मोफत आहे, आणि महाराष्ट्राच्या जिल्हा गॅझेटियरचे खंड आंतरजालावर सापडतात. टेलिग्रामच्या ग्रुपवर आलेल्या पीडीएफमध्ये शीर्षकपृष्ठ आणि सालच नसेल, तर पहिली पायरी करता येत नाही, म्हणून अशी फाइल अभ्यासाचा मुख्य आधार करू नये.

सराव दोघातिघांनी मिळून केला तर लवकर अंगी बाणतो. अभ्यासिकेतल्या किंवा रूमवरच्या मित्रमैत्रिणींनी एकच चार पानांचा मजकूर घ्यावा, प्रत्येकाने वेगळा बसून खुणा कराव्यात आणि मग एकाने लेखकाची बाजू मांडावी, दुसऱ्याने शंका काढाव्यात. दुसऱ्या आठवड्यात बाजू बदलाव्यात. शंका उरली तर ती सरांना किंवा मॅडमना पानाचा क्रमांक सांगून विचारावी. ‘हे प्रकरण समजले नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘या पानावरचे हे विधान वरच्या आकडेवारीतून कसे निघते, हे मला दिसले नाही’ असे विचारलेल्या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळते. सुरुवात नेमलेल्या पुस्तकातल्या सर्वांत छोट्या प्रकरणाने करावी आणि पहिले दोन आठवडे रोज एका तासाहून अधिक वेळ त्याला देऊ नये.